‘बापूय कोण?’

गेल्या चतुर्थीचे पाहुणे पांगले, तरी मामा आमच्याकडे आणखी आठ दिवस राहिले. वय एक्याऐंशी, देवळाच्या महाजनांचे जुने तंटे तोंडपाठ, इंग्रजी कामापुरते. एका रात्री आम्ही ‘द किड्स आर ऑल राईट’ हा अमेरिकन चित्रपट दुसऱ्यांदा पाहावयास बसलो, तेव्हा ते निजावयास न जाता शेजारच्या आरामखुर्चीत बसून राहिले. पहिली काही मिनिटे ते बोलले नाहीत. मग दोन आया, एक मुलगी आणि एक मुलगा असे चौघेजण जेवावयास बसलेले पाहून त्यांनी विचारले, “मागीर ह्या भुरग्यांचो बापूय कोण?”

हा प्रश्न भाबडेपणाचा नव्हे. चित्रपटातल्या मुलानेही हाच प्रश्न केला आहे, आणि त्याच प्रश्नापायी पुढचे सारे घडते. आम्ही मामांना म्हटले, थोडे थांबा, येईलच तो. ते थांबले.

ह्या पानांवर असल्या चित्रपटाची चर्चा कशाला, असे काही वाचकांच्या मनात येईल. दोन स्त्रियांनी पतिपत्नीप्रमाणे संसार मांडावा, ही गोष्ट आपल्या पुष्कळ कुटुंबांना अजून पचलेली नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. तो वाद येथे उकरण्याचा आमचा हेतू नाही. परंतु मूल कोणाचे, जन्म देणाऱ्याचे की वाढविणाऱ्याचे, हा प्रश्न परका नव्हे. आपल्या पोथ्यांत आणि आमच्या वकिलीच्या कागदांत तो सारखा भेटत आला आहे. तेव्हा ज्यांना त्या दोघींचा संसार पटत नाही, त्यांनीही हा चित्रपट पाहावा असे आम्ही म्हणतो.

चित्रपट २०१० सालचा. दिग्दर्शन लिसा चोलोडेन्को ह्या बाईंचे. पटकथा त्यांची व स्टुअर्ट ब्लुमबर्ग ह्यांची. पटकथा तयार होण्यास काही वर्षे लागली, आणि त्याच काळात स्वतः दिग्दर्शिका अनामिक दात्याच्या वीर्यापासून माता झाल्या. उलट ब्लुमबर्ग ह्यांनी विद्यार्थिदशेत वीर्यदान केलेले होते. म्हणजे लेखणी धरणाऱ्या दोघांपैकी एक घेणाऱ्याच्या बाजूची, तर दुसरा देणाऱ्याच्या. कथेत जो दुहेरी जिव्हाळा जाणवतो त्याचे मूळ येथे असावे. सुमारे ४० लक्ष डॉलरांत, म्हणजे तिकडच्या मानाने किरकोळ खर्चात, लॉस एंजेलिस येथे हे चित्रण झाले. पुढे बर्लिनच्या महोत्सवात टेडी पारितोषिक, विनोदी वा संगीतप्रधान चित्रपटाचे गोल्डन ग्लोब, आणि ऑस्करची चार नामांकने अशी त्याची वाहवा झाली. ऑस्कर मात्र एकही मिळाले नाही.

कथा थोडक्यात अशी. नीक प्रसूतितज्ज्ञ डॉक्टर आहे. घर तिच्या मिळकतीवर आणि तिच्या शिस्तीवर चालते. ज्यूल्सने आजवर अनेक गोष्टी आरंभून सोडल्या आहेत, आणि आता तिने लोकांच्या बागा आखून देण्याचा धंदा काढावयाचे ठरविले आहे. एकाच दात्यापासून दोघींनी एकेक अपत्य जन्माला घातले: नीकची जोनी, वय अठरा, आणि ज्यूल्सचा लेझर, वय पंधरा. दाता कोण हे जाणून घेण्याचा अधिकार अठरा वर्षे पुरी झालेल्या अपत्याला आहे. म्हणून लेझर बहिणीच्या मागे लागतो, आणि ती आयांच्या नकळत वीर्यपेढीस फोन करते. दात्याची संमती येते. दाता म्हणजे पॉल. त्याचे स्वतःचे उपाहारगृह आहे, त्यास लागणारा भाजीपाला तो स्वतःच पिकवितो, मोटारसायकल हाकतो आणि कोणत्याही बंधनात न पडता सुखात आहे.

पॉल प्रथमच पडद्यावर आला, तेव्हा मामा पुढे सरकून बसले. “हो?” म्हणाले. त्यांच्या स्वरात थोडी निराशा होती. लेझरच्या चेहऱ्यावरही तीच आहे. पहिल्या भेटीनंतर जोनी हरखून जाते. मुलगा मात्र, ज्याने हा सारा खटाटोप करविला तो, गप्प होतो. पुढे एकदा तो पॉलला सरळच विचारतो की वीर्यदान का केले. पॉल आधी थट्टेवारी नेतो, मग इतरांच्या उपयोगी पडावे असे वाटले म्हणतो. मुलगा विचारतो, किती पैसे मिळाले? साठ डॉलर. एवढेच? त्या वेळी मला ते पुष्कळ होते, असे पॉल सांगतो. ह्या प्रसंगात कोणी रडत नाही, संगीत चढत नाही. आपली किंमत साठ डॉलर होती हे कळलेला मुलगा फक्त ऐकून घेतो. साऱ्या चित्रपटात इतके मितभाषी आणि इतके खोल जाणारे दृश्य दुसरे नाही, असे आमचे मत आहे, आणि आमच्या ह्या लेखाचे गाऱ्हाणेही तेथूनच सुरू होते.

कारण ह्यानंतर कथा मुलांच्या हातून निसटते. ज्यूल्स पॉलच्या घरामागची ओसाड जागा बाग म्हणून आखून देण्याचे काम पत्करते. तेथे ती एकदा त्याच्याकडे पाहत राहते, आणि मुलांच्या मुद्रा तुझ्या चेहऱ्यावर दिसतात म्हणून सांगते. पुढे जे घडते त्याची सुरुवात ह्या वाक्यापासून आहे. आपल्या लेकरांचा आविर्भाव परक्याच्या तोंडावर दिसावा, आणि तो परका आपले कामही वाखाणावा, जे घरी कोणी कधी वाखाणलेले नाही! दोघे वाहवत जातात. बाई बाईबरोबर संसार करीत असताना शेवटी पुरुषाकडेच वळली असे का दाखविले, म्हणून चित्रपट प्रसिद्ध झाला तेव्हा तिकडच्या समलिंगी स्त्रियांतून मोठी तक्रार झाली. ती तक्रार आम्हांस समजते, पण तितकीशी पटत नाही. ज्यूल्स पुरुषाकडे वळली असे म्हणण्यापेक्षा, वीस वर्षांच्या संसारात जी कदर मिळेनाशी झाली होती तिच्याकडे वळली, असे म्हणणे अधिक न्यायाचे होईल. पॉल जेव्हा मुलांसह माझ्याकडे ये म्हणतो, तेव्हा ती त्याला उडवून लावते.

येथे एका गड्याची आठवण केल्याशिवाय पुढे जाववत नाही. लुईस नावाचा एक मेक्सिकन माणूस ज्यूल्सच्या हाताखाली त्या बागेत खपत असतो. प्रकरण त्याच्या नजरेतून सुटत नाही, आणि ज्यूल्सला त्याची नजर सोसवत नाही. सर्दीने नाक शिंकरणाऱ्या त्या माणसावर ती नशेचा आळ घेते आणि त्याला कामावरून काढून टाकते. प्रेक्षकाने येथे हसावे अशी योजना दिसते. आम्हांस हसू आले नाही. शेवटी ज्यूल्स सर्वांची क्षमा मागते. लुईसची मागत नाही, आणि दिग्दर्शिकेसही त्याची आठवण राहिलेली दिसत नाही. कुटुंब म्हणजे कोण ह्यावर इतका बारकाईने विचार करणाऱ्या चित्रपटात घरी राबणाऱ्या माणसाची ही गत व्हावी, हे वैगुण्य आम्ही लहान मानीत नाही.

आता जे अस्सल आहे त्याकडे वळू. पॉलच्या घरी पाचही जण जेवावयास जमले आहेत. नीक आजवर त्याच्याशी फटकून वागत आलेली. पण त्याच्या संग्रहात जोनी मिचेल ह्या गायिकेची १९७१ सालची ‘ब्लू’ ही तबकडी तिला दिसते आणि ती विरघळते. मुलीचे नावच त्या गायिकेवरून ठेवलेले. टेबलाशी बसल्याबसल्या ती त्यातले एक गाणे वाद्यांवाचून, अंमळ बेसूर, पण जीव ओतून म्हणू लागते. पॉलही साथ देतो. मुले ओशाळली आहेत, आणि त्यांना बरेही वाटते आहे. हे पाचजण मिळून खरोखरच एक घर होऊ शकेल, असे क्षणभर वाटते. मग नीक न्हाणीघरात जाते. तेथे मोरीच्या तोंडाशी अडकलेले केस तिच्या दृष्टीस पडतात. केस ज्यूल्सचे.

ती परत येऊन आपल्या जागी बसते. ॲनेट बेनिंग ह्या अभिनेत्रीने येथे जे केले आहे ते कोणत्याही भाषेच्या रंगभूमीवर शिकविण्याजोगे आहे. इतरांचे बोलणे पाण्याखालून आल्यासारखे दबून जाते. कॅमेरा तिच्या तोंडावर स्थिर राहतो. ती पेला उचलते, कोणाच्या तरी विनोदाला हसल्यासारखे करते. एकही शब्द नाही. आमच्या धंद्यात उलटतपासणीत कोसळणारे साक्षीदार आम्ही पुष्कळ पाहिले. पण ज्यास कोणी काही विचारलेच नाही असा साक्षीदार कोसळताना आम्ही येथेच पाहिला. ज्यूल्सचे काम करणाऱ्या ज्युलियन मूर आणि पॉल झालेले मार्क रफलो ह्या दोघांचेही काम उत्तम आहे. रफलोंचा पॉल लबाड वाटत नाही, ही गोष्ट कथेला फार उपकारक ठरली आहे. तो खरोखरच ह्या मुलांच्या लोभात पडला आहे. आणि सल्ला द्यावा तर तो चांगला देतो: लेझरच्या संगतीतला एक मुलगा दुष्ट आहे हे त्याने ओळखले.

आणि शेवटी जोनी महाविद्यालयात जावयास निघण्याच्या आदल्या रात्री तो क्षमा मागावयास दाराशी येतो. मुलगी त्याला सांगते की तू अधिक चांगला निघावास असे मला वाटत होते. पाठोपाठ नीक बाहेर येते आणि त्याला ठणकावते: हे कुटुंब तुझे नाही, तू घुसखोर आहेस, हौस असेल तर स्वतःचे कुटुंब उभे कर. दार बंद होते. लेझर आतच आहे. तो बाहेर येत नाही.

दार बंद झाले तेव्हा आम्ही पहिल्या खेपेस जवळजवळ टाळी दिली होती. कायदेपंडिताच्या दृष्टीने नीकचे म्हणणे बिनचूक आहे. कॅलिफोर्नियाच्या कुटुंबकायद्यात, वैद्यामार्फत वा वीर्यपेढीमार्फत वीर्य देणारा पुरुष, आगाऊ लेखी करार नसल्यास, त्या अपत्याचा पिता मानला जात नाही. दोघी स्त्रिया मात्र दोन्ही मुलांच्या कायदेशीर माता ठरू शकतात. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २००५ रोजी एकाच दिवशी तीन निकाल देऊन हे ठरविले. त्यांतल्या ‘एलिसा बी.’ खटल्याची हकीकत तर ह्या चित्रपटाची बहीणच शोभावी. तेथेही दोन स्त्रिया, मुले परस्परांची भावंडे व्हावीत म्हणून तेथेही दोघींना एकच दाता, एकीला एक मूल व दुसरीला जुळे. पुढे संसार मोडला, आणि जुळ्यांच्या पोटगीचा प्रश्न आला तेव्हा पहिली म्हणू लागली की ती माझी नव्हेत. न्यायालयाने म्हटले, तुझी आहेत: तुझ्या संमतीने ती जन्मली, आणि आपली म्हणून तू त्यांना वागविलेस. मातृत्वाचा हक्क मागणारीला तो देणे सोपे असते. नको म्हणणारीच्या गळ्यात त्याची जबाबदारी घालणे अवघड. तत्त्वाची खरी कसोटी तेथे लागली. गंमत अशी की, मातृत्व असे पक्के असूनही, चित्रण झाले त्या २००९ साली कॅलिफोर्नियात अशा दोघींना नव्याने विवाह करता येत नव्हता. नोव्हेंबर २००८ मधल्या लोकमताने तो बंद केला होता, आणि तो पुन्हा सुरू झाला जून २०१३ मध्ये. ह्या रणधुमाळीवर चित्रपट व्याख्यान देत नाही. तो कोण ताटे लावतो आणि कोण दारू जास्त पितो हे दाखवितो. त्याची ही दृष्टी आम्हांस फार आवडली.

आपल्याकडे कायद्याचे चित्र निराळे आहे, ते एका वाक्यात सांगून मोकळे होतो: २०२१ च्या साहाय्यित प्रजननाच्या कायद्याने दात्याचे सर्व हक्क आपल्याकडेही संपतात, परंतु तो मार्ग विवाहित दांपत्याला व एकट्या स्त्रीला खुला आहे, दोन स्त्रियांच्या जोडप्याला नाही, आणि १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता देण्याचे नाकारले.

मामांशी बोलताना मात्र आम्ही ही कलमे काढली नाहीत. त्यांना मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायाची आठवण करून दिली. तेथे बीज आणि क्षेत्र ह्यांचा वाद सविस्तर आला आहे. स्त्री ही क्षेत्र, पुरुष हा बीज. मग पीक कोणाचे? बीजाचे माहात्म्य गाऊन झाल्यावरही शास्त्रकार व्यवहाराचा निर्णय असा देतो की, करार नसताना दुसऱ्याच्या शेतात बी पेरणाऱ्याला पिकावर हक्क नाही. दुसऱ्याच्या गाईंच्या ठायी बैलाने वासरे उत्पन्न केली तर ती गाईंच्या धन्याची. करार असेल तर मात्र दोघेही भागीदार. स्त्रीला शेत म्हणणारी ती दृष्टी आज आम्हांस सोसणारी नाही, आणि शास्त्र ह्या घरास आशीर्वाद देते असेही आम्हांस सुचवावयाचे नाही. पण ‘करार नसेल तर दात्यास हक्क नाही’ हा निवाडा कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळास शोभेल असा आहे! आणि विनोद पाहा: चित्रपटातला बीजदाता हा भाजीपाला पिकविणारा आहे, आणि त्याच्या ओसाड क्षेत्राची बाग करून देणारी बाई ही त्याच्याच मुलाची आई. लेखकांना मनु ठाऊक असण्याचा संभव नाही. रूपकच इतके जुने आहे की ते आपोआप उगवते.

मामा म्हणाले, मनु राहू दे, माशेलला जा. माशेलच्या देवळातली, मूळ चोडणची, देवकीकृष्णाची मूर्ती वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. सर्व देश यशोदेचा कृष्ण गातो. तेथे मात्र बाळ देवकीच्या कडेवर आहे. “दोगूय आवयो ताच्योच,” मामा म्हणाले. दोघीही आया त्याच्याच. आम्ही ते मान्य केले. पण आम्हांस सारखे वाटत राहिले की त्या गोष्टीत कृष्ण मथुरेस जातो. त्याला कोणी दाराआड कोंडून ठेवीत नाही.

येथे आम्हांस आमचीच एक गोष्ट सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका मुलाच्या पालकत्वाचे काम आमच्याकडे होते. आई बाळंतपणात गेलेली. मावशी व तिच्या यजमानांनी दोन महिन्यांच्या पोराला घरी आणून वाढविले. बाप परदेशी गेला तो तेरा वर्षांनी मूल मागावयास परतला. आम्ही मावशीच्या बाजूने उभे होतो. पुरावा आमच्या बाजूचा, मुलाचे कल्याण आमच्या बाजूचे, आणि आम्ही युक्तिवादही, आत्मप्रौढी क्षम्य असावी, बरा केला. निकाल आमच्यासारखा लागला. त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर तो मुलगा एकटा बसला होता. आम्ही त्याला म्हटले, बाबा, आता चिंता नाही, तू तुझ्या घरीच राहणार. त्याने मान हलविली आणि विचारले, “मग आता त्यांना मी कधीच भेटायचं नाही का?” आम्ही मावशीला विचार असे सांगून पक्षकारांच्या घोळक्याकडे वळलो. त्याच्या भेटीगाठींची तजवीज हुकूमनाम्यात मागून घेणे शक्य होते. समोरच्या वकिलाने ती मागितली नाही, आणि आम्हांला ती सुचली नाही. की सुचूनही जिंकण्याच्या भरात आम्ही ती गिळली, हे आज नक्की सांगता येत नाही.

म्हणून दुसऱ्या खेपेस नीकने दार लावले तेव्हा आमचे हात वर उठले नाहीत. नीक बरोबर आहे. पॉलने विश्वासघात केला आहे, आणि वाढविण्याच्या अठरा वर्षांपुढे साठ डॉलरांचे काही चालू नये हेही खरे. पण हा दावा मुळात लावला कोणी? लेझरने. आणि हुकूमनामा झाला तो नीक आणि पॉल ह्यांच्यामध्ये. वादी मुलगा खिडकीच्या आत उभा आहे आणि त्यास कोणी काही विचारीत नाही. पॉलने ज्यूल्सशी केलेला गुन्हा हा नीकविरुद्धचा गुन्हा आहे. त्याची शिक्षा म्हणून मुलांचे त्याच्याशी असलेले नातेही खारीज व्हावे का, हा प्रश्न कथेने स्वतःच उभा केला आणि मग प्रकरण सोयीस्करपणे निकालात काढले. ज्यूल्सला घरी परत घ्यावयाचे तर दोष कोणाच्या तरी माथी बाहेर पाठविला पाहिजे. तो पॉलबरोबर पाठविला गेला, जसा आधी लुईसबरोबर गेला होता. ज्यूल्सने दूरदर्शन बंद करून सर्वांसमोर केलेले कबुलीचे भाषण, लग्न टिकविणे किती कठीण आहे ते सांगणारे, अत्यंत हृद्य आहे. पण तेही मुलांनी ऐकावे आणि आयांनी समेट करावा म्हणून आहे. मुलांनी बोलावे म्हणून नाही.

कोणी म्हणेल, दोन तासांच्या विनोदी चित्रपटाकडून इतकी न्यायबुद्धी का मागता? ज्याने साठ डॉलरांचा तो प्रसंग लिहिला त्याच्याकडूनच मागतो; सामान्य लेखकाकडून मागितली नसती. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानेही २०१४ सालापासून, मुलाची हानी होत असेल तर, दोहोंहून अधिक पालक मानण्याची वाट न्यायाधीशास मोकळी केली आहे. पॉलला पालक करा असे आमचे म्हणणे नाही. तो त्या लायकीचा निघाला नाही. दाराला एखादी फट असावी, एवढेच.

शेवटच्या प्रसंगात जोनीला महाविद्यालयात सोडून तिघे मोटारीने परत निघतात. लेझर मागच्या आसनावरून म्हणतो, तुम्ही दोघी वेगळ्या होऊ नये असे मला वाटते. का रे? तर त्या आता फार म्हाताऱ्या झाल्या आहेत म्हणून. पुढे दोघींचे हात एकमेकींच्या हातात जातात. मामा ह्या वाक्याला मोठ्याने हसले. मग नामावळी सुरू झाली. आम्ही दिवा लावला. मामा अजून पडद्याकडेच पाहत होते.

“आनी तो मागीर परत येवंक ना?” त्यांनी विचारले.

चित्रपट संपला, असे आम्ही त्यांना सांगितले.